आत रात्र आहे

पेनाचे टोपण लावलेलेच होते. पाट्यावर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती, वरवंट्याला नव्या खणाचा तुकडा गुंडाळला होता, विळा धार भिंतीकडे करून ठेवला होता, कोऱ्या कागदाची घडी उलगडून त्याच्या चारी कोपऱ्यांवर सुपाऱ्या मांडल्या होत्या (कागद उडू नये म्हणून, जरी दारेखिडक्या लावून घेतलेल्या या खोलीत वारा यायचा कोठून) आणि कागदाच्या उजव्या अंगाला, शाळेतून निवृत्त होताना मुलांनी दिलेले ते सोनेरी पट्टीचे शाईचे पेन, टोपणासकट. म्हणजे जी कोणी लिहायला येणार तिने आधी टोपण काढायचे, ते कोठे ठेवावे हे शोधायचे आणि मग लिहायला बसायचे... हौशीराम गुरुजींच्या ते ध्यानात आले. परीक्षेच्या वर्गात बाकांच्या रांगांतून फिरताना एखाद्याचे पेन कोरडे पडलेले त्यांना असेच लांबून दिसे. पण त्यांनी ते पाहिले आणि सोडून दिले. ही मांडणी सरूबाईंची होती. तिच्यात आपण हात घालू नये, एवढा विवेक त्यांना पस्तीस वर्षांच्या संसाराने दिला होता.

बाहेर शनिवारची सकाळ चांगली वर आलेली होती. महाळुंग्याच्या शिवारावरचे धुके विरून गेले असणार, शेजारच्या कुशाबाच्या खळ्यावर बाजरीची मळणी सुरू झाल्याचा आवाज भिंतीतून येत होता, आणि आत मात्र समईच्या दोन वातींइतकाच उजेड होता. पाट्यावर बाळ नव्हते. बाळाच्या जागी एक कुंची होती — जुन्या पैठणीच्या काठाची, आत मऊ मलमल लावलेली, हर्षालीची. सत्तावीस वर्षांपूर्वी याच खोलीत, याच पाट्यापाशी, पाचव्या दिवशी हर्षालीला हीच कुंची घालून ठेवले होते. आता हर्षालीची मुलगी शिकागोला होती, काचेच्या पेटीत, नाकात नळी घालून. दिवस भरण्यापूर्वी दोन महिने आलेली. आणि आज तिची पाचवी होती. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते. तिच्यासाठी कागद-लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही, कोणीतरी जागे राहायचे आणि ती लिहीत असताना तिकडे पाहायचे नाही. एवढाच विधी. त्यात न समजण्यासारखे काही नव्हते. न समजण्यासारखी होती ती फक्त वेळ.

आणि ती वेळ त्यांनीच समजावून दिली होती, हे त्यांना नाकारता येत नव्हते.

काल दिवेलागणीला जावयाचा फोन आला होता. ऋषी सकाळचा चहा घेता घेता बोलत होता. त्याच्या पाठीमागे कसला तरी यंत्राचा मंद सूर लागला होता. बाळाचा श्वास अजून स्वतःचा नाही, म्हणाला. आजची रात्र नीट गेली की मग डॉक्टर नळी काढून पाहणार आहेत. आजच्या रात्रीवर सगळे आहे. उजाडले की लगेच फोन करतो. गुरुजींनी ‘बरे’ म्हटले, रिसीव्हर ठेवला, त्यावरचे लोकरीचे विणलेले झाकण सारखे केले, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या सरूबाईंना जसेच्या तसे सांगितले — आजच्या रात्रीवर आहे. सरूबाईंनी बाहेर अंगणात पाहिले. तेथे रात्र पडू लागली होती.

“आजची रात म्हंजी ही?”

“नाही. ही त्यांची सकाळ आहे. त्यांची रात्र अजून यायची आहे.”

“मंग तिथली रात कवा पडती?”

येथे त्यांनी साधे उत्तर द्यायला हवे होते. पण अठ्ठावीस वर्षे संस्कृत आणि भूगोल शिकवलेल्या माणसाला साधे उत्तर सुचत नाही. त्यांनी टोपलीतले एक मोसंबे घेतले, देव्हाऱ्यातले निरांजन उचलून जमिनीवर ठेवले, मोसंब्यावर बोटाने हळदीचा एक ठिपका लावला — हे आपण — आणि पाठीमागच्या बाजूला कुंकवाचा — ही हर्षाली. मोसंबे सावकाश फिरवले. हळद उजेडातून निघून अंधाराकडे वळली तसे कुंकू अंधारातून निघून उजेडाच्या कडेला आले. पूर्ण अर्धे जग मध्ये आहे, ते म्हणाले. आपला सूर्य मावळतो तेव्हा साधारण तिचा उगवतो. त्यांच्या घड्याळात आणि आपल्या घड्याळात साडेअकरा तासांचे अंतर, आपण पुढे, ते मागे. आता त्यांचा शुक्रवार उजाडला आहे. त्यांच्या शुक्रवारची रात्र आपल्याकडे उद्या पहाटे, चारच्या सुमारास, सुरू होईल आणि उद्या संध्याकाळी दिवे लागतील तेव्हा संपेल.

सरूबाईंनी मोसंबे हातात घेतले. कितीतरी वेळ त्या ते फिरवत होत्या. मंगळवारी सकाळी बातमी आली म्हणून मंगळवारपासून मोजून त्यांनी शनिवारची रात्र धरली होती. सोनीबाईला, कुशाबाच्या बायकोला, भाकरी थापायला बोलावूनही ठेवले होते. आता त्यांनी बोटांवर पुन्हा मोजले. पोर तिकडच्या सोमवारी रात्री झाली.

“म्हंजी तिची पाचवी रात आपल्या शनवारच्या दिसात पडली.”

“हो.”

“मंग दिसा करायची.”

ते हसले होते. आता आठवून हसू आले नाही. त्यांनी सांगून पाहिले की पूजा करणारा जेथे असतो तेथील सूर्योदय धरावा असे शास्त्र आहे, पंचांगसुद्धा गावाच्या रेखांशाने बदलते, आणि शिवाय ही सगळी भावनेची गोष्ट आहे, भावनेला दिवस काय नि रात्र काय. सरूबाई मोसंबे टोपलीत ठेवत म्हणाल्या, “तुमी जल्मभर पोरान्ला सांगितलं जग गोल हाय. मंग सटवाई काय महाळुंग्याच्या घड्याळावर चालायची? पोर तिथं, कपाळ तिथं. ती जाणार ती तिथल्या रातीला. आन आपून इथं बारा तासांनी दिवा लावून बसायचं? झाल्यावर?”

झाल्यावर. त्या शब्दाने ते रात्रभर जागे राहिले, जी रात्र जागण्याची नव्हतीच. तिकडे तेव्हा भर दुपार होती, हर्षाली कदाचित खुर्चीत बसल्या बसल्या काही खात असेल, आणि आपण मात्र अंथरुणावर पडून तिच्या रात्रीची काळजी करतो आहोत. म्हणजे काळजीसुद्धा चुकीच्या जागी ठेवलेली, वेळेआधी पोहोचून रिकाम्या फलाटावर ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखी. चार वाजता सरूबाई उठल्या, अंघोळ करून त्यांनी समई लावली. उजाडू लागले तसे त्यांनी एकेक करून दार लावले, खिडक्या लावल्या, फटींत जुनी लुगडी कोंबली. आणि महाळुंग्यात सकाळ झाली तेव्हा या एका घरात रात्र पडली.

इतकी वर्षे ते शिकवत आले होते. दरवर्षी सातवीच्या वर्गात तीच खिडकी लावून घ्यायची, तीच विजेरी, तोच फुगवट्यावर चेपलेला पृथ्वीगोल; एका अंशाला चार मिनिटे, पूर्वेला जावे तर मिळवा, पश्चिमेला जावे तर वजा करा. मुले माना डोलवीत, उत्तरपत्रिकेत लंडनची वेळ बरोबर काढीत, आणि घंटा झाली की सगळे जग पुन्हा एकाच उन्हात उभे असल्यासारखी पटांगणात पळत. एकाही मुलाने कधी घरी जाऊन त्या गणितावरून एक खिडकीसुद्धा लावली नसेल. ते खरे आहे असे धरून, त्याप्रमाणे वागणारे पहिले माणूस... त्यांनी समईपलीकडे पाहिले. सरूबाई भिंतीला पाठ न टेकता बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, थंडीच्या रात्री बसावे तशा. उकाडा तर आत वाढू लागला होता.

दारावर थाप पडली.

“गुरुजी! ओ गुरुजी! दिसाढवळ्या दार लावून बसलाय? वाघ शिरला का काय घरात?”

कुशाबाचा आवाज. गेल्या महिन्यात बिबट्याने वरच्या आळीतून वासरू नेल्यापासून दिवसा लावलेल्या दाराचा या गावात एकच अर्थ होत होता. दुसरा एक अर्थ होता, पण तो कोणी ओरडून विचारत नाही. गुरुजी उठले. त्यांनी दार बोटभर उघडले. त्या बोटभर फटीतून इतके ऊन आत घुसले की त्यांनी ते आपल्या धोतराने अडवले.

“वाघ नाही, कुशाबा,” ते हळू म्हणाले, “आत रात्र आहे.”

कुशाबाने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग वर सूर्याकडे, मग परत त्यांच्याकडे. शिकलेल्या माणसाला म्हातारपणी काय होते हे त्याच्या मनात येऊन गेले असावे. गुरुजींनी दोन वाक्यांत सांगितले — हर्षालीच्या लेकीची पाचवी, तिकडची रात्र, डॉक्टरांचे बोलणे. सांगताना स्वतःची लाज वाटेल असे त्यांना वाटले होते. तशी ती वाटली नाही. हे नंतर त्यांच्या लक्षात आले. कुशाबाच्या हातात मळणीच्या भुशाने माखलेला पंचा होता, तो त्याने उगाचच झटकला नाही, गुंडाळून काखेत धरला.

“आसं व्हय,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. “मंग मी हळू बोलतो. आमच्या घरची बी दिसा झोपती म्हून मी जल्मभर वरडलो तिच्यावर. आता तिला म्हनावं लागंल, तू शिकागूची.” जाता जाता त्याने दार स्वतःच ओढून घेतले, कडी वाजू न देता.

थोड्या वेळाने मळणीयंत्र थांबले. आधी त्यांना वाटले वीज गेली. पण यंत्र डिझेलचे होते. मग गल्लीतून जाणारी पोरे कोणाच्या तरी दटावण्याने गप्प झाली, कोणाचा तरी रेडिओ लहान झाला, सोनीबाई कोणाला तरी सांगत होती, “गपा, गुरुजींची नात निजलीय.” नात निजलीय! आठ हजार मैलांवर निजलेल्या पोरीसाठी आळी चवड्यांवर चालू लागली. या लोकांना एवढेसुद्धा समजावून द्यावे लागले नाही, आणि मी अठ्ठावीस वर्षे विजेरी घेऊन...

भीमाशंकराच्या घाटमाथ्यावर ज्या वृद्ध शास्त्रीबुवांकडे ते लहानपणी संस्कृत शिकले, कुणब्याच्या पोराला पुढ्यात बसवून ज्यांनी रूपे घोकून घेतली, त्यांनी एकदा पावसाने कोंडलेल्या दुपारी जुन्या ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांतली चार नगरे सांगितली होती. भूगोलाच्या मध्यरेषेवर, एकमेकांपासून सारख्या अंतरावर: लंका, तिच्या पूर्वेला यमकोटी, पश्चिमेला रोमकपत्तन, आणि लंकेच्या बरोबर पायाखाली सिद्धपुरी. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा यमकोटीत माध्यान्ह, रोमकपत्तनात मध्यरात्र, आणि सिद्धपुरीत अस्त. दहा वर्षांच्या मुलाने विचारले होते, सिद्धपुरीत कोण राहते? शास्त्रीबुवा म्हणाले, नावच सांगते की; सिद्ध लोक, ज्यांना दुःख नाही, रोग नाही. आणि मग थोडे थांबून, ओल्या सोवळ्याचा पिळा सोडता सोडता — अजून तेथून कोणी आलेले नाही, म्हणून तसे म्हणायचे.

ज्यांना दुःख नाही, रोग नाही. तेथे काचेची पेटी आहे, शास्त्रीबुवा, आणि खुर्चीत बसलेली माझी मुलगी आहे.

हर्षालीला त्यांनीच सातवीत शिकवले होते. वर्गात ती त्यांना सर म्हणे, घरी बाबा, आणि मधल्या रस्त्यावर काहीच म्हणत नसे. विजेरीच्या तासाला ती पहिल्या बाकावर होती. सगळ्यांनी माना डोलावल्यावर तिने हात वर केला होता: सर, आपण जागे असतो तेव्हा तिकडच्या झोपलेल्या माणसांवर लक्ष कोण ठेवतं? वर्ग हसला. तेही हसले असावेत. ते अभ्यासक्रमात नाही, त्यांनी सांगितले, खाली बस. ती बसली. नंतर ती शिकली, पुण्याला गेली, ऋषीशी लग्न करून त्या झोपलेल्या माणसांच्याच बाजूला जाऊन राहिली, आणि दर रविवारी तिच्या शनिवारी रात्री फोन करू लागली. ऑक्टोबरच्या शेवटी तिने हसत सांगितले होते, बाबा, आज आम्ही घड्याळं एक तास मागं केली. त्यांनी विचारले होते, कोणाला विचारून? ती बराच वेळ हसत होती. ते विनोद करत नव्हते. सूर्य आहे तेथे आहे, रेखांश आहेत तेथे आहेत, आणि एका रात्रीत सगळ्या देशाने उठून एक तास मागे सरकायचे. त्या रविवारी मुलीचे गाव त्यांना एक तासाने अधिक लांब गेल्यासारखे वाटले होते.

फडताळावर दोन घड्याळे होती. एक घरचे. दुसरे गजराचे, मंचरच्या महंमद हनीफकडून तिच्या वेळेवर लावून आणलेले. गजराचा काटा तुटला म्हणून ते नेले होते, आणि दुरुस्त झाल्यावर गुरुजींनी शिकागोची वेळ लावून द्यायला सांगितली, तेव्हा हनीफने डोळ्यावरचे भिंग वर सरकवून म्हटले होते, “गुरुजी, लोक बिघडलेलं घड्याळ आणतात न् नीट करून नेतात. तुम्ही नीट झालेलं बिघडवून नेताय.” साडेअकरा तासांच्या फरकामुळे ते तबकडीवर नुसते अर्धा तास पुढे दिसे, अर्धे जग मध्ये आहे हे त्यावरून कोणालाही समजले नसते. आता समईच्या उजेडात गुरुजींनी तिकडे पाहिले आणि ते दचकले. दोन्ही घड्याळांत बारा वाजले होते.

क्षणभर त्यांना वाटले — काय वाटले? की अंतर मिटले. की काल जावयाने फोनवर सांगितले ते सगळे याच गावात, पलीकडच्या गल्लीत आहे, उठून गेले की पोहोचता येईल. मग लक्षात आले: सोनीबाई. काल भाकरीचे पीठ पोहोचवायला आलेली सोनीबाई जाताना म्हणाली होती, तुमचं धाकलं घड्याळ लई पुढं पळतंय, मी जाग्यावर आनलं. तिने उपकारच केला होता. गावात पुढे पळणारे घड्याळ दिसले की शेजाऱ्याने ते ठिकाणावर आणावे, यात तिचे काय चुकले.

ते उठले, घड्याळ हातात घेतले, पाठीमागची चावी धरली. आणि मिळवायचे की वजा करायचे, ते त्यांना आठवेना.

पूर्वेला जावे तर... अठ्ठावीस वर्षे जे झोपेत म्हणता आले असते ते वाक्य तोंडाशी येऊन अर्धवट राहिले. घड्याळ कानाशी धरावे तसे त्यांनी ते छातीशी धरले आणि नियम सोडून दिला. आता आपल्या डोक्यावर सूर्य आहे. म्हणजे तिच्या पायाखाली आहे. म्हणजे मध्यरात्र नुकतीच उलटली आहे. तेथे दिवे मंद केलेले असतील, ऋषी बाकावर आडवा झाला असेल, ती झोपली नसेल. ती पेटीच्या काचेला हात लावून बसली असेल आणि हात गार पडला म्हणून दुसरा लावला असेल. साडेबारा. त्यांनी काटा अर्धा तास पुढे नेला. हिशेब बरोबर आला होता, पण तो तिच्या हातापासून मोजत आला होता, रेखांशापासून नव्हे.

“ऊन आलं,” सरूबाई म्हणाल्या.

आवाजात घाबरेपण नव्हते, चुलीवर दूध आले म्हणावे तसे त्या म्हणाल्या होत्या. पण त्या पाट्याकडे बोट दाखवत होत्या. छपरावरचे एक कौल मांजराने सरकवले होते, तेथून रुपयाएवढा एक कवडसा पश्चिमेकडच्या भिंतीशी जमिनीवर पडलेला सकाळपासून दिसत होता. त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. आता तो सरकत सरकत खोलीच्या मध्यावर आला होता. पाटा पूर्वेच्या भिंतीपाशी होता. वाट सरळ होती: आधी पाट्याची कड, मग कागद, मग कुंची.

वर चढून कौल बसवावे तर धूळ आणि उजेड दोन्ही आत येणार. गुरुजींनी खुंटीवरचे सूप काढले, कवडशाच्या वाटेत हात उंच करून धरले. कवडसा सुपात पडला. जमिनीवर रात्र पुन्हा सलग झाली.

दुपारभर ते सूप धरून उभे होते. हात भरून येई तेव्हा हात बदलत. थोड्या थोड्या वेळाने सुपातला उजेडाचा तुकडा कडेकडे सरके आणि सांडायच्या बेतात येई, की ते सूप बोटभर पूर्वेला नेत. शाळेत असताना त्यांनी वर्गाच्या फरशीवर अशाच एका कवडशाभोवती खडूने रेघ मारून घेतली होती; तास संपताना तो रेघेबाहेर गेलेला दाखवून म्हटले होते, पाहा, हे ऊन नाही चालले, आपण चाललो आहोत. हे वाक्य त्यांना आवडे. दरवर्षी ते त्याच जागी थांबून म्हणत. आता ते वाक्य हातात वजनासारखे होते. आपण चाललो आहोत — हे घर, हा पाटा, ही बाई, सूप धरलेला हा म्हातारा, सगळे पूर्वेकडे ओढले जात आहे, आणि त्याच ओढीने तिकडची ती पेटी अंधारातून हळूहळू कडेला येते आहे. हाताने थांबवता येत नाही, हाताने पुढेही ढकलता येत नाही, फक्त एवढा रुपयाएवढा उजेड तेवढा वेळ अडवता येतो.

दोनच्या सुमारास सरूबाईंची मान खाली गेली. चारपासून जाग्या होत्या. त्यांना उठवायचे गुरुजींच्या मनात आले, कारण कोणीतरी जागे राहायचे असते. मग ध्यानात आले की कोणीतरी जागे आहे.

खोली शांत होती. आळीही शांत होती. वातीवर काजळी धरली होती, ती त्यांनी मोकळ्या हाताने झाडली, तेल सोडले. तसे करताना ते वाकले आणि पेन पुन्हा त्यांच्यासमोर आले. टोपण.

हर्षालीच्या पाचवीला गुरुजींच्या आईने त्यांच्याकडे लेखणी मागितली तेव्हा त्यांनी पेपर तपासता तपासता हातातले लाल शाईचे पेन दिले होते. आईने ते परत आणून दिले: लाल नको रे बाबा, हिला कोणी चूक म्हणून काट मारायला बसायचं नाही. त्यांनी निळे दिले आणि पुन्हा उत्तरपत्रिकेत मान घातली. तेव्हा ते तरुण होते, आणि मुलगी रडत होती, आणि मुलीचा श्वास तिचा स्वतःचा होता.

सूप त्यांनी डाव्या हातात घेतले. उजव्या हाताने पेन उचलले, दातांनी टोपण काढले. बरेच महिने न वापरलेली शाई. निब कोरडी पडली असेल तर? कागदावर ओढून पाहणे शक्य नव्हते, तो कोरा राहायला हवा होता. त्यांनी निब डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवली. पहिल्यांदा काही उमटले नाही. त्यांनी पेन झटकले, पुन्हा टेकवले, दाबले. निळा ठिपका उमटला, ओला, वातीच्या उजेडात चकाकणारा. त्यांनी पेन कागदाच्या उजव्या अंगाला, होते तसे, निबेचे टोक कागदाकडे करून ठेवले. टोपण खिशात टाकले. हे सगळे दहा-बारा श्वासांत झाले, आणि मग त्यांनी जे केले ते त्यांनी ठरवले नव्हते: सूप धरलेला हात तेथेच ठेवून त्यांनी आपले तोंड भिंतीकडे फिरवले.

पाहायचे नसते.

भिंतीकडे तोंड करून ते किती वेळ उभे होते ते त्यांना पुढेही सांगता आले नसते. पाठीमागे काही वाजले नाही. मागे कागद आहे, कागदाशी उघडे पेन आहे, एवढे पाठीला समजत होते; अंधाऱ्या घरात दुसरे माणूस असले की ते जसे न पाहता समजते. माझा यावर विश्वास आहे काय? प्रश्न आला, आणि नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंचे मुद्दे घेऊन बसला नाही, निघून गेला. बाहेर एकदा कुत्रे भुंकले आणि कोणीतरी त्याला हाड म्हटले, तेही हलकेच.

कवडसा सुपातून निघून भिंतीवर चढला, पिवळा झाला, लांबट झाला आणि चारच्या पुढे केव्हातरी विझला. सरूबाई जाग्या झाल्या तेव्हा गुरुजी अजून सूप धरून उभे होते. बाईंनी आधी समईकडे पाहिले. दोन्ही वाती होत्या. पेनाकडे पाहिले. पदराने तोंड पुसले, आणि “तेल तुमीच घातलं?” एवढेच विचारले.

“हो.”

“बसा आता.”

ते बसले नाहीत.

हळूहळू फटींतल्या लुगड्यांच्या कडांचा उजेड जाऊ लागला. गोठ्यात गुरे येऊन उभी राहिल्याचा, धारांच्या भांड्यांचा, दूध डेअरीच्या टेम्पोचा आवाज आला. संध्याकाळचे सगळे आवाज एकेक करून आले, पण आज ते जपून येत होते. रस्त्यावरचा दिवा लागला असावा. दाराखाली एक पिवळी रेघ उमटली. आणि दारापलीकडे कोणीतरी घसा खाकरला.

“गुरुजी,” कुशाबा फटीला तोंड लावून विचारत होता, “सरली का रात? का आजून हाय? न्हाई, खळं तसंच पडलंय म्हून इचारलं. घाई न्हाई.”

सरूबाईंनी गुरुजींकडे पाहिले. मोसंबे हातात घेऊन पाहत होत्या तसे. सांगाल ते खरे, अशा नजरेने. फडताळावर दोन घड्याळे होती आणि गुरुजींना ती दिसत होती, पण त्यांनी ती पाहिली नाहीत. त्यांनी डोळे मिटले. कुंकवाचा ठिपका अंधाराच्या कडेशी येताना दिसला. मग कडेवर. मग एक मोठी खिडकी, तिच्या काचेवर राखाडी उजेड, आणि तो उजेड दुसऱ्या काचेवर पडताना, आणि खुर्चीतली मान वर होताना.

“उजाडलं,” ते म्हणाले.

सरूबाई उठल्या, कडी काढली, दार उघडले. बाहेर काळोख झालेला होता. थंड हवा आत आली, समईच्या वाती आडव्या झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. कुशाबा पायरीवर उभा होता. त्याने आत डोकावून पाहिले नाही, फक्त मान हलवली आणि खळ्याकडे निघाला. थोड्याच वेळात यंत्र धडधडू लागले. आता गावाची निजायची वेळ यायची होती, आणि गुरुजींना मात्र पहाटे उठल्यावर येते तशी तरतरी आली होती, चूळ भरावी, तोंड धुवावे असे वाटत होते. आपल्याच गावाची रात्र त्यांना आता परक्या ठिकाणची वाटली. पाठीमागच्या कागदाकडे त्यांनी अजून पाहिले नव्हते. अंगठ्यावरचा ठिपका वाळला होता. कोनाड्यात, विणलेल्या झाकणाखाली, फोन होता. सूप हातात तसेच धरून ते त्याच्याकडे पाहत राहिले — घरातले दुसरे माणूस जागे झाले आहे की नाही, हे दाराशी उभे राहून पाहावे तसे.